सासूबाईंचं नाव पुढे केलं

रजेवर जाताना मी काय फुशारक्या मारल्या होत्या! "सहा महिने म्हणजे सहाच महिने. त्यानंतर या खुर्चीत दिसले नाही तर नाव बदला माझं." आमच्या कवळ्या बनवायच्या लॅबमधून आधी एक जण बाळंतपणानंतर सोडून गेली होती. तिच्यावर सगळ्यात जास्त तोंडसुख मीच घेतलं होतं. आणि आता तीच मी, पर्समध्ये राजीनामा घालून जिना चढत होते.

कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. मला बाळाला सोडून यायचं नव्हतं, बस. हे मला चौथ्याच महिन्यात कळलं होतं, पण पगारी रजा संपेपर्यंत मी चकार शब्द काढला नाही.

बाळाला घेऊन सासूबाई खाली दाराशी थांबल्या होत्या. "मी सांभाळते, तू खुशाल जा," असं त्या पहिल्यापासून म्हणत आल्या. त्यांच्या सासूने त्यांना टेलिफोन खात्यातली नोकरी सोडायला लावली होती, आणि तीस वर्षं झाली तरी त्यांच्या मनातून ते गेलेलं नाही. मी सोडतेय म्हटल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "तुझी मर्जी. पण मी सोडायला लावली असं कुणी म्हणायला नको हं."

वर माझ्या टेबलाशी अक्कलदाढ बसली होती. कोपऱ्यात बसते आणि काढू म्हटलं तरी निघत नाही, म्हणून लॅबमधल्या सगळ्यात जुन्या बाईंना आम्ही ठेवलेलं नाव. तोंडावर मात्र ताई.

"आलीस एकदाची! बघ, डॉक्टरांची तुझ्या हाताची सवय मोडू दिली नाही मी," असं म्हणत त्यांनी मेणात दात बसवलेली कवळी माझ्यासमोर धरली.

पुढचा एक दात किंचित तिरका होता. तो मी मुद्दाम तसा बसवते, म्हणजे कवळी कवळीसारखी दिसत नाही, आणि काही डॉक्टर तेवढ्यासाठी माझंच काम मागतात. ताईंचा हात पट्टीने आखल्यासारखा सरळ. तरी सहा महिने स्वतःचं काम उरकून त्या माझ्यासारखा तिरका दात बसवत राहिल्या, डॉक्टरांना दुसऱ्या हाताची सवय लागू नये म्हणून. मालक नवी मुलगी ठेवणार होते, तर त्यांच्याशी भांडून ताईंनी माझी खुर्ची रिकामी ठेवली होती.

यानंतर खरं सांगायला तोंड कुठून आणायचं? मी म्हणाले, "ताई, मी सोडतेय. सासूबाई नको म्हणतात."

सासू हे असं कारण आहे की त्याला कुणी पुरावा मागत नाही. सुटले, असं मला वाटलं. मग लगेच स्वतःचीच किळस आली.

"कुठे आहेत त्या? खाली? थांब, मीच बोलते." मेणाच्या हातांनीच ताई तरातरा जिना उतरल्या. मी मागून "ताई, जाऊ द्या ना" करत धावले. पण 'खोटं बोलले' हे दोन शब्द काही निघाले नाहीत.

"काय हो," ताई सासूबाईंवर कडाडल्या, "हिला नोकरी सोडायला तुम्ही लावलीत?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे बघत होते.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच नको म्हटलं."

"शोभतं का तुम्हाला? एवढी कला आहे पोरीच्या हातात, ती चुलीत घातलीत. तुमच्यासारख्या आहेत म्हणून बायकांचं असं होतं."

सासूबाईंनी बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि ऐकून घेतलं. ताईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुझा काय दोष गं," म्हणाल्या आणि कठड्याला धरून हळूहळू वर गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, मी..."

"आधी सांगायचंस तरी," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "जरा ठसक्यात बोलले असते. खरं वाटलं असतं."

वर जायला जेमतेम वीस पायऱ्या होत्या. मी बाळाला घेतलं आणि रस्त्याला लागले.