तिसऱ्या गिअरवरचे दोन हात

"परत उडाला! हा तिसरा गिअर माझ्याशी काय दावा मांडून बसलाय?" गुणवंतराव पुटपुटले आणि त्यांनी गिअरच्या दांड्यावर एक चापट मारली.

मित्रांनो, ती चापट खाणारी मीच. मी एक जुनी, पांढरी, पेट्रोलवर चालणारी गाडी आहे. वय वर्षं तेरा. तुम्हाला तेराव्या वर्षी शिंगं फुटतात म्हणे. आम्हा गाड्यांना या दिल्लीच्या मुलखात पंधराव्या वर्षी रस्ता बंद होतो. म्हणजे मी म्हातारीच.

माझा जन्म कारखान्यातला. एका यंत्राने दरवाजे बसवले, दुसऱ्याने रंग फवारला. पण गुणवंतरावांच्या बायकोने, सुनंदाबाईंनी, माझ्या कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं, तेव्हा कुठे मला आपण कुणाच्या तरी आहोत असं वाटलं.

गुणवंतराव केंद्र सरकारच्या कचेरीत होते. घर गाझियाबादला. महाराष्ट्रातून कुणी परीक्षेला, दवाखान्याला किंवा नुसतं फिरायला आलं की फोन त्यांनाच. "गुणवंतराव आहेत ना, गाडी घेऊन येतील!" आणि आम्ही जायचो. स्टेशनवरून पाहुणा उचलायचा, कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्राच्या अतिथिगृहात सोडायचा. माझ्या डिकीला अजून पाहुण्यांनी आणलेल्या लसणाच्या चटणीचा वास येतो. गणपती आणताना मूर्ती सुनंदाबाईंच्या मांडीवर, आणि घरापर्यंत दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही, असा नेम. बाप्पाला धक्का लागू नये म्हणून! मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून थकायचे.

माझ्या पहिल्या वर्षी सुनंदाबाईही गाडी शिकल्या. त्यांच्या हाताखाली गिअर कसा पडायचा म्हणून सांगू? लोण्यात सुरी जावी तसा. पण शेजारी बसून गुणवंतराव इतके ओरडायचे, "क्लच! अगं क्लच!", की एक दिवस त्या किल्ली त्यांच्या हातावर ठेवून उतरल्या त्या उतरल्याच. लायसन्स मात्र पर्समध्ये जपून ठेवलेलं. नूतनीकरणसुद्धा वेळेवर.

निवृत्तीनंतरही फोन येत राहिले. त्या फोनांवरच गुणवंतराव जगतात, असं माझं मत आहे. फोन वाजला की ते शर्टाला इस्त्री करतात.

दोन वर्षांपूर्वी मला एक चमत्कारिक गोष्ट जाणवू लागली. माझा गिअरचा दांडा थरथरायचा. बारीक, सारखा. मला वाटलं, वय झालं, इंजिन हलत असेल. मला लाज वाटली. पण सिग्नलला इंजिन बंद केलं तरी थरथर चालूच! मी बंद, आणि थरथरतंय कोण? मग सुनंदाबाईंचा हात यायचा. गुणवंतरावांचा डावा हात दांड्यावर, त्यावर त्यांचा. घट्ट. थरथर थांबायची. बाहेर बघत त्या म्हणायच्या, "भाजी घ्यायचीय हं वाटेत." एवढंच. पुढे तर दोघांचे हात सगळा रस्ता तिथेच असायचे. माणसं हात असे का ठेवतात, याचा मी पुष्कळ विचार केला. उत्तर सापडलं नाही.

आणि मग तिसरा गिअर उडू लागला.

श्यामच्या गॅरेजमध्ये माझं पोट उघडलं गेलं. गुरुग्रामहून लेक उल्का कॅब करून आली होती. गुणवंतराव माझ्याच सीटवर बसून राहिले, जणू उतरले तर कुणी जागा घेईल.

"अट्ठाईस हज़ार लगेंगे, अंकल," श्याम म्हणाला.

"बाबा, गाडी विकून सत्तर येतील आणि गिअरबॉक्सला अठ्ठावीस?" उल्का म्हणाली. "त्यात दोनच वर्षं उरलीत. चलो, विकून टाकूया. कॅब आहे ना यार!"

"कॅबवाला चटणीची पिशवी उचलून देतो का?" गुणवंतराव म्हणाले. "गाडीत दोष आहे, तो काढायचा. बस्स."

"महागच आहे पण," पलीकडच्या खिडकीशी उभ्या सुनंदाबाई पदराशी बोलल्यासारख्या बोलल्या.

तिघंही माझ्याकडे बघत होते. एकमेकांकडे कुणीच नाही.

श्यामने तेलातून एक लोखंडी तुकडा काढून दाखवला. गिअर सरकवणारा आतला फोर्क. एका बाजूने पार झिजलेला. "अंकल, ये अपने आप नहीं घिसता। चलाते वक़्त गियर पे हाथ कौन रखता है? वो भी इतना वज़न देके?"

उल्का मोबाइल बघू लागली. सुनंदाबाईंनी पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

मित्रांनो, तेवढ्या वेळात तुम्हाला एक सांगून ठेवते. आमचं तेल वेळेवर बदला, आमच्या दांड्यावर विनाकारण भार टाकू नका. आणि घरातली वस्तू कुरकुरू लागली, तर तिला चापट मारण्याआधी जरा घरातल्या माणसांकडेही बघा. आम्ही बोलत नाही, म्हणून सगळा दोष आमच्यावर ढकलणं सोपं असतं.

माझा दांडा पुन्हा थरथरू लागला. इंजिन तर पोटातून अर्धं सुटलेलं. सवयीने सुनंदाबाईंनी खिडकीतून हात आत घातला. पण गुणवंतरावांनी आपला हात दांड्यावरून उचलला आणि तिघांसमोर तसाच हवेत धरला. पिंपळाचं पान हलावं तसा तो हलत होता.

"गिअरबॉक्स करून टाक, श्याम," ते म्हणाले. मग सुनंदाबाईंकडे वळले. "दोष गाडीचा नाही गं. हात माझा थरथरतो. आता तू चालव. मी शेजारी बसेन, आणि ओरडणार नाही."