दोन वेळची काळी कॉफी

मित्रांनो, माझ्याकडे असे नाक मुरडून बघू नका. जुना स्टीलचा थर्मास आहे मी, पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या एका घरात माळ्यावर पडून असतो. या घरात माझे नाव कुणी काढत नाही, आणि काढलेच तर दातओठ खाऊन काढतात. मलाही आता त्यांच्याबद्दल फारसे प्रेम उरलेले नाही. पण जे घडले ते मी जवळून पाहिले आहे, म्हणून सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. स्टीलच्या दोन भिंती आणि मधली हवा काढून टाकलेली, एवढीच माझी करामत. सेबेस्टियन नावाच्या कोळ्याने मला विकत घेतले आणि आपल्या बोटीवर नेले. बिनदुधाची काळी कॉफी तो माझ्यात भरायचा. दोन घोट पोटात गेले की सुकाणूवरच्या माणसाला डुलकी येत नसे. "ह्यो गडी कदी थंड पडत नाय," असे म्हणून तो माझ्या पाठीवर थाप मारायचा. तेरा वर्षे मी त्याच्याबरोबर खारे वारे खाल्ले. पुढे सेबेस्टियन वारला. त्याचा मुलगा स्टीवन बोटीवर जाऊ लागला, त्याने नवी मोठी बाटली घेतली आणि माझी रवानगी फडताळात झाली.

तिथून मला बाहेर काढले स्टीवनच्या बायकोने, ग्लोरियाने. ती निर्मळची, केळीच्या वाडीत वाढलेली. लग्नाला दहा वर्षे झाली तरी सासू आग्नेस तिला 'वाडीवाली'च म्हणते. ग्लोरिया एव्हरशाईन सिटीतल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. आग्नेस सकाळी बंदरावरच्या लिलावात मासळी घेऊन विकते आणि दुपारी घरी येते. स्टीवन आठ आठ दिवस समुद्रावर असतो. मागे भांडायला या दोघीच उरतात, आणि ते काम त्या मन लावून करतात.

भांडणाचे कारण होती संजना, ग्लोरियाची नऊ वर्षांची मुलगी. गणित अर्धे सोडून ती खिडकीशी जायची. प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायची, तेही दुसऱ्याच प्रश्नाचे. आठवड्याला तीन खोडरबर हरवायची. वर्गाच्या बाई तिच्या वहीत लाल शाईने लिहायच्या, 'मुलीला आवरा.' शेवटी ग्लोरिया तिला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराची लक्षणे दिसतात, तपासणी पूर्ण करू आणि गरज पडली तर गोळी सुरू करू, असे डॉक्टरबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर ग्लोरियाने हे सांगताच आग्नेसने मासळीची पाटी आदळली. "माझ्या नातीला येड्यांची गोळी? आमच्या घरान्यात असं कोन नाय. तुझ्या वाडीतनंच आलं असनार!"

"मग उद्यापासून तुम्हीच शाळेत जाऊन तिच्या बाजूला बसा," ग्लोरियाने उलट सुनावले. "बाईंच्या शिव्या तुम्ही खा!"

स्टीवन फोनवर म्हणाला, "मी आल्यावर बघू." तो आला, दोन दिवस झोपला आणि पुन्हा बोटीवर गेला. तपासणी राहिली ती राहिलीच. त्या दिवसापासून सासू-सुनेने एकमेकींशी बोलणे टाकले. "तुझ्या मम्मीला सांग, गॅस संपलाय." "आजीला सांग, नंबर लावलाय." सगळे निरोप संजनाच्या तोंडून. जे मूल एका जागी टिकत नाही म्हणून ओरड, त्यालाच दिवसभर या खोलीतून त्या खोलीत पिटाळायचे. मला सांगा, राग येणार नाही तर काय?

एक दिवस ग्लोरियाने मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. अशा मुलांना कॉफी दिली तर ती शांत होतात, असे त्यात कुणीतरी छातीठोकपणे सांगत होते. गोळी नको, सासूची कटकट नको. तिने मला घासून पुसून घेतले, काळी कॉफी साखर घालून भरली आणि दप्तरात ठेवले. "मधल्या सुट्टीत पी. आजीला बोलू नकोस."

आणि खरेच, संजना पुढचे दोन तास बाकावर बसून राहिली. त्या आठवड्यात बाईंनी वहीत 'छान' असे लिहिले. ग्लोरियाने ते पान तीनदा वाचले आणि मला तोंडभर हसून पुसले. मीही फुगलो. खोटे कशाला सांगू, इतक्या वर्षांनी कुणाला तरी माझा उपयोग झाला होता.

पण दुपार झाली की संजना आणखीच सैरभैर व्हायची. चार वाजता तिची जागृती टीचरकडे शिकवणी असे. एकदा ती आग्नेसचा पदर ओढत म्हणाली, "आजी, मला कॉफी दे ना. कॉफी प्यायले की मी शांत बसते."

आग्नेसला वाटले, पोरीला चव लागली असेल. संजना मला दर वेळी गुपचूप धुऊन ओट्यावर ठेवायची; तिथे मीच रिकामा सापडलो म्हणून आग्नेसने माझ्यातच भरून दिली, कोळणीच्या हाताची, कडक. जागृती टीचरचा निरोप आला, आज पोर छान बसली. आग्नेसला तेवढेच हवे होते. गोळीशिवाय जमते, हे सुनेच्या नाकावर टिच्चून दाखवायचे म्हणून तिने रोजचा नेम धरला. मात्र दाखवणार कधी? बोलणे तर बंद!

सकाळी एक भरायची, दुपारी दुसरी. दोघींनाही वाटायचे, आपण एकच वेळ देतो. संजना डब्यातले अर्धे परत आणू लागली, रात्रीची झोप उडाली, डोळ्यांखाली काळे आले. ग्लोरिया मनात म्हणे, आजीने लाडावून ठेवलेय. आग्नेस मनात म्हणे, आईचे लक्ष नाही.

गणिताच्या पेपरच्या दिवशी ग्लोरियाने कॉफीचा एक चमचा वाढवला. दुपारी, पोर थकलेली दिसते म्हणून आग्नेसनेही वाढवला. शिकवणीला बसल्यावर संजनाचे हात थरथरू लागले. पेन्सिल पडली. "टीचर, छातीत कोनतरी धावतंय," एवढे बोलून ती भडाभडा ओकली. जागृती टीचरने तिला स्कूटरवर पुढ्यात घेतले, दप्तर खांद्याला अडकवले आणि थेट डॉक्टरबाईंचा दवाखाना गाठला. दप्तरात मी होतो.

दोघीजणी धापा टाकत आल्या. डॉक्टरबाईंनी हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढला होता. मला टेबलावर ठेवून त्यांनी विचारले, "किती कॉफी देता हिला?"

"एकदाच, सकाळी," ग्लोरिया म्हणाली.

"सकाळी कशी? मी दुपारी देते," आग्नेस म्हणाली.

पलंगावरून संजना हळू आवाजात म्हणाली, "दोन्ही प्यायची मी. सांगितलं असतं तर तुम्ही भांडला असता. आणि शांत बसले की सगळ्यांना मी आवडते."

डॉक्टरबाईंचा आवाज चढला. "मी तपासणीला बोलावलं तेव्हा आला नाहीत. हे काय घरगुती औषध आहे? काही मुलांना थोडा वेळ फरक दिसतो, नाही असं नाही. पण किती गेलं ते कळत नाही. झोप, भूक, ठोके, सगळं बिघडतं. नशीब, आज निभावलं!"

स्टीवन बोटीवरून उतरला तो तणतणतच. त्याने मला उचलले आणि भिंतीवर भिरकावले. "ह्याच्यामुळं झालं!"

"त्याला काय मारतोस?" ग्लोरिया ओरडली. "तू कुठे होतास?"

स्टीवनने मला उचलून माळ्यावर टाकले. माझे बूच आधीच तुटले होते. जन्मभर ज्यांची कॉफी गरम ठेवली त्यांनी मला गुन्हेगार ठरवले, ते अजून माझ्या मनातून जात नाही.

कॉफी बंद झाली. दोन दिवस संजनाचे डोके ठणकले, मग थांबले. यावेळी तिघेही तपासणीला गेले, आग्नेस दाराकडे तोंड करून बसली तरी गेली. डॉक्टरबाईंनी नीट मोजून गोळी दिली, शाळेला चिठ्ठी लिहिली, बाईंनी संजनाला पुढच्या बाकावर घेतले. ती अजूनही मध्येच उठते. बाई अजूनही कुरकुरतात. घरात गोडीगुलाबी वगैरे काही झालेली नाही. पण सकाळी मी माळ्यावरून ऐकतो.

"गोळी दिली?" आग्नेस विचारते.

"दिली."

"खाल्लं काय?"

"अर्धा पाव."

एवढेच. मग दोघी भांडी आपटत आपापल्या वाटेला लागतात. निरोप आता संजनाकडे नसतात.

मित्रांनो, मोठी माणसे माझ्यासारख्या मुक्या वस्तूवर खापर फोडून मोकळी होतात. तुम्ही मुके नाही. तुम्हाला एकीने दुसरीपासून लपवून काही प्यायला दिले, तर ते घरभर ऐकू जाईल असे सांगा. भांडण होईल. होऊ द्या. ते त्यांचे आहे, त्यांना निस्तरू द्या.