दळणाच्या आड

रेडिओवर माझा विश्वास नाही. ढाणकीच्या बाजारात रहेमानच्या हॉटेलात बॅटरीवरचा रेडिओ आला तेव्हा अर्धं गाव त्याच्यापुढं जाऊन बसलं. मी लांबूनच पाहिलं. गाणं सुरू झालं की चहात दूध कमी पडतं, हे माझ्याशिवाय कुणाच्याच लक्षात आलं नाही. लग्नातल्या बँडवाल्यांवरही माझा विश्वास नाही. नवरीच्या मायचे डोळे भरून आले की मुद्दाम जोरात वाजवतात. आणि गोड बोलणाऱ्या माणसाला काहीतरी लपवायचं असतं, हे तर माझं ठाम मत आहे. माझी माय कौसल्या म्हणते, या पोराच्या हाती पाण्याचा गडवा दिला तरी तो आधी तळाशी पाहतो. पाहतोच. त्यात काय चुकलं?

पण सगळ्यात जास्त राग मला डफड्याचा.

माझा बाप उकंडा डफड्यासाठी आसपासच्या गावांत नावाजलेला होता. लग्न दुसऱ्याचं, देवी दुसऱ्याची, मयत दुसऱ्याची. वाजवायला पुढं बा, आणि जेवायला सगळ्यांच्या मागून, उकिरड्याच्या कडेला. ही कसली कला? छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलो तेव्हा वस्तीनं ठरवलं, मेलेलं ढोर ओढायचं नाही आणि डफडं वाजवायचं नाही. कित्येकांनी आपली डफडी पैनगंगेत सोडली. बानं मात्र खुंटीला टांगलं. राहू दे, कोणाले खात नाही थे, म्हणाला. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

त्यानंतर तीन पावसाळे गेले, आणि यंदा आखाडात पाटलाच्या दारातून मरीमायची मिरवणूक निघाली. तिच्यात डफडं वाजलं. आम्ही वस्तीच्या तोंडाशी उभे राहून ऐकलं. मिरवणूक वळणावर आली तेव्हा ठेका लंगडला, एवढं माझ्या कानात राहिलं. आमच्या मंडळाचा अध्यक्ष घनश्याम माझ्याजवळ आला. हा हात आपल्यातलाच कोणाचा तरी आहे, असं त्याचं म्हणणं होतं. मी म्हणालो, मला त्यातलं काही कळत नाही, मला सगळी डफडी सारखीच. तरी काम माझ्याच गळ्यात पडलं. मंडळाचा सेक्रेटरी मी. रविवारच्या बैठकीत वाजवणाऱ्याचं नाव मी सांगायचं, आणि ज्याचं नाव निघेल त्याच्या घरचं पाणी वस्तीत कुणी प्यायचं नाही.

घरी आलो आणि सहज खुंटीकडे हात गेला. पावसाळ्यात न शेकलेलं डफडं ओल्या पापडासारखं सैल पडतं. हे ताठ होतं. बोटानं हलकेच टिचकी मारली तर खणकलं. मी झटकन हात मागे घेतला.

मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. मग मी घरात पाळत ठेवली, आणि पाळत ठेवणाऱ्याला काय दिसत नाही? दळण न्यायचं काम मायचं. पण आता बा नेत होता. भर पावसात, डोक्यावर पोत्याची घोंगती घेऊन, दोन दिवसांआड. तिघांच्या घराला इतकं पीठ कशाला लागतं? टोपल्यात पाहावं तर ज्वारी जेमतेम दोन ओंजळी. मायला विचारलं तर ती चुलीत फुंकर मारत म्हणाली, त्याहिले करमत नाही घरात, जाऊ दे. तिनं वर पाहिलं नाही. म्हणजे तीही सामील होती. शनिवारी बा निघाला तेव्हा घोंगतीखाली पाठीला काहीतरी गोल, चपटं टेकलेलं मला स्पष्ट दिसलं. खुंटी रिकामी होती.

मी मागोमाग निघालो. पाटलाच्या घराचा रस्ता आला, तिथं तो वळेल म्हणून मी झाडाआड थांबलो. तो वळला नाही. सरळ बाजाराच्या टोकाला अब्दुल गनी मिस्त्रीच्या चक्कीवर गेला. गनीचाचा बाचा जुना दोस्त, आणि पाटलाचं सगळं दळण तिथंच येतं. इथंच पाणी मुरतंय, असं मी मनाशी म्हटलं.

चक्कीवर बाया आपापल्या टोपल्यांजवळ बसल्या होत्या. त्यांत घनश्यामची माय मानीबाईही होती. बानं आपली टोपली रांगेत ठेवली आणि मागच्या इंजिनाच्या खोलीत गेला. दाराला गोणपाट टांगलेलं होतं. मी ते बाजूला सारून दारातच थांबलो.

डिझेलचं इंजिन कानठळ्या बसवत होतं. गनीचाचा तेलाची बुधली घेऊन वाकलेला. बानं डफडं इंजिनाच्या गरम पाइपाजवळ धरलं, फिरवून फिरवून शेकलं, मग भिंतीला टेकून उभा राहिला आणि डोळे मिटून वाजवू लागला. मला काहीच ऐकू येत नव्हतं. नुसते हात दिसत होते. चार पावलांवर असलेल्या मला ऐकू येत नव्हतं, तर बाहेरच्या बायांना काय येणार? त्यासाठीच ही जागा निवडलेली. लपूनछपून करायची ती तालीमच असणार, पाटलाच्या पुढच्या बोलावण्याची. माझं डोकं तापलं.

तेवढ्यात चक्कीचा पट्टा उतरला. गनीचाचानं घाईनं इंजिन बंद केलं. बा मात्र तंद्रीत होता. एकदम पडलेल्या शांततेत डफडं एकटंच वाजलं. थोड्याच थापा, पण खणखणीत. त्या पुरेशा होत्या. ठेका कुठं लंगडला नाही. पाटलाच्या दारचा हात हा नव्हता, हे मला तिथल्या तिथं कळलं. ज्याला सगळी डफडी सारखीच, त्या मला.

बानं डोळे उघडले. मला पाहून त्यानं डफडं पोटाशी धरलं. माझा राग कुठल्या कुठं गेला. तरी मी हळूच विचारलं. खोड जात नाही.

"बा, पाटलाकडे गेलता काय?"

"बोलावणं आलतं. नाही गेलो." तो थांबला. "जलमभर कोणी बोलावलं म्हून वाजवलं. न बोलावता कसं वाजते, थे पाहून राह्यलो."

बाहेर बाया गप्प झाल्या होत्या. मग मानीबाईची पावलं दाराशी आली.

"धर्मपाल, काय वाजलं रे आत?"

तिचा हात गोणपाटावर पडला. मी ते आतून घट्ट धरलं आणि फटीतून नुसतं तोंड बाहेर काढलं.

"काही नाही मावशी. इंजिनाचा नट ढिला झालता."

मी गडव्याच्या तळाशी पाहतो तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. उद्या बैठकीत तिचा मुलगा समोर असणार. मी सांगणार, तो हात आपल्यातल्या कुणाचा नाही, आपला हात वळणावर लंगडत नाही, मी ऐकून सांगतो. म्हणजे डफडं मला कळतं, हे चारचौघांत कबूल करावं लागणार. करीन.

"चाचा, लावा इंजिन," मी मागे वळून म्हणालो. "लोकायचं दळण पडलं हाये."

गनीचाचानं माझ्याकडे पाहिलं, पट्टा चढवला आणि हँडल मारलं. खोली पुन्हा धडधडू लागली. बा तसाच उभा होता, डफडं पोटाशी धरून. मी ते त्याच्या हातून घेतलं, पाइपाजवळ धरून फिरवून फिरवून शेकलं आणि त्याला परत दिलं. मग गोणपाटाला पाठ लावून उभा राहिलो.