अर्ध्या तासाचा ट्रॅक्टर

पोळा झाल्यापासून गुरुसिद्धप्पांच्या ट्रॅक्टरने घरादाराला वेठीस धरलं होतं. चावी फिरवली की स्टार्टर घर्रर्र फिरायचा, पण इंजिन काही पेट घ्यायचं नाही. मध्येच कधी लहर आली की चालू व्हायचं, बरोबर अर्धा तास चालायचं आणि आचके देत पुन्हा बंद पडायचं. पालमजवळच्या त्यांच्या रानात मुगाच्या वाळलेल्या शेंगांचा ढीग पडून होता. भाड्याचं मळणीयंत्र येऊन उभं होतं, पण त्याला फिरवणार कोण?

पहिल्या दिवशी गावच्या भगवानराव मिस्त्रींनी फिल्टर बदलला. ट्रॅक्टर चालू झाला, मिस्त्री ऐटीत चहा पिऊन घरी गेले, तोवर तो बंद. दुसऱ्या दिवशी अप्पांनी, म्हणजे गुरुसिद्धप्पांनी, नवी बॅटरी आणली. चालू झाला, बंद पडला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने, चन्नबसम्मांनी, चाकापुढे नारळ फोडला. पुन्हा तेच. चालू झाल्याचं श्रेय तिघांनी घेतलं. बंद पडल्याचं खापर मात्र प्रत्येकाने दुसऱ्याच्या माथी फोडलं.

त्यांची मुलगी त्रिवेणी हे सगळं ओट्यावर बसून बघत होती आणि आतल्या आत धुमसत होती. परभणीच्या आयटीआयमधून ती डिझेल मेकॅनिक होऊन आली होती. पालमच्या बसस्टँडजवळ घरचा एक गाळा रिकामा होता. तिथे तिला गॅरेज टाकायचं होतं. अप्पा मात्र तो आदिनाथ मोबाईलवाल्याला द्यायला निघाले होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याला होकार कळवायचा होता. "पोरीकडं कोण आणायलंय गाडी?" एवढं एकच त्यांचं पालुपद. लोकांचं एक वेळ सोडा, पण घरचा ट्रॅक्टर अडला असताना अप्पांनी तिला तोंडदेखलंही विचारलं नव्हतं. हे तिला फार लागलं होतं.

चौथ्या दिवशी मिस्त्रींनी हात झटकले. "डिझेलचा पंप गेला, अप्पा. खोलून परभणीला न्यावं लागतंय. आठ दिवस धरा."

त्रिवेणी ओट्यावरून उतरली. "अप्पा, मला बघू द्या."

"मिस्त्री बघायलेत की."

"मिस्त्रींचं बघून झालंय."

अप्पांनी डोळे वटारले, पण नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण उरलं नव्हतं.

"काका, जरा स्टार्टर मारा," ती मिस्त्रींना म्हणाली आणि स्वतः सायलेन्सरच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. स्टार्टर दणक्यात फिरला. धुराचा मात्र मागमूस नव्हता. "बास. स्टार्टर जोरात फिरायलाय, म्हंजी बॅटरी चांगली हाय. पण डिझेल आत गेलं असतं तर न पेटतासुदिक थोडा पांढरा धूर आला असता. डिझेलच पोचंना झालंय."

"मग मी काय म्हनलो? पंप!"

"पंप गेला तर अर्धा तास कसा चालतंय, काका?"

मिस्त्री ट्रॅक्टरवरून खाली उतरले.

त्रिवेणीने मग डॉक्टरासारखी एकेकाची चौकशी सुरू केली. चालू व्हायच्या आधी कुणी काय काय केलं, सगळं सांगायचं. मिस्त्रींनी फिल्टर बदलून टाकीत काडी घालून डिझेल किती आहे ते पाहिलं होतं. अप्पांनी बॅटरी जोडून पाच लिटर डिझेल ओतलं होतं.

"अन् अव्वा, तू नारळ फोडलास. दुसरं काय?"

"मी न्हाई बाई काही केलं. तुझ्या अप्पानीच पुन्हा डिझेल टाकलं."

तिघांची करणी वेगवेगळी होती, पण टाकीचं झाकण तिन्ही वेळा उघडलं होतं. त्रिवेणी तडक टाकीपाशी गेली. झाकणावर लाल मुंग्यांची रांग लागली होती. डिझेलच्या वासाला मुंगी कधी फिरकते का?

तिने आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून इंजिनाजवळचा, डिझेल ओढायचा छोटा हातपंप दाबला. डिझेलचा थेंब आला नाही. मग तिने टाकीचं झाकण फिरवलं, आणि टाकीने सुस्स करून हवा आत ओढली. पुन्हा हातपंप दाबला, तर डिझेलची धार थेट मिस्त्रींच्या पायावर!

"झाकणाला बारीक भोक असतंय, हवा आत जायला," ती म्हणाली. "ते बुजलं की डिझेल खाली उतरत न्हाई. झाकण उघडलं की हवा शिरती, म्हून अर्धा तास चालतंय." अव्वाच्या बांगडीतली पिन घेऊन तिने भोक टोकरलं. पिवळट, कडक असं काहीतरी निघालं. त्रिवेणीने ते नाकाशी नेलं. वेलदोड्याचा वास होता. पुरण!

तिने आईचं नाव घेतलं नाही. पण चन्नबसम्मा स्वतःच पुढे आल्या.

"मीच भरवलं," त्या म्हणाल्या. "बैल ईकले औंदा. पोळ्याला नैवेद्य भरवू कुणाला? म्हनलं, आता हेच आपला बैल, हेच आपला बसवण्णा. जिथून खातंय तिथं लावली पुरणपोळी." रागवायला तोंड उघडलेले अप्पा बघता बघता हसायला लागले, आणि मिस्त्रींनी तर पोट धरलं.

"तुझा बसवण्णा जेवून तट्ट झाला अन् त्याचा श्वासच कोंडला गं अव्वा," त्रिवेणीने आईच्या खांद्यावर हात ठेवला. मग झाकण घट्ट लावून चावी फिरवली. एकदा फक्त. इंजिन धडधडून जागं झालं.

ट्रॅक्टर रानात नेला आणि मळणी सुरू झाली. पण कुणी हरखून गेलं नाही. सगळ्यांचे डोळे घड्याळावर. अर्धा तास तर तो रोजच चालत होता. पंचवीस मिनिटं झाली. तीस झाली. अप्पा उठून उभे राहिले. एकतीस, पस्तीस, चाळीस... हिरवागार मूग बदाबदा पडतच राहिला. त्रिवेणीला ओरडावंसं वाटलं, आणि ती खरोखरच ओरडली. मळणीयंत्राच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

तासाभराने भगवानराव मिस्त्री अप्पांजवळ आले. मनाने मोठा माणूस.

"अप्पा, माझ्याकडं एक जुना ट्रॅक्टर महिनाभर अडून पडलाय. मला तर उमगंना. पोरीला दाखवावा म्हनतो. कुठं आणू? हितं का घरी?"

त्रिवेणीने वडिलांकडे पाहिलं. अप्पांनी डोक्यावरची टोपी नीट केली.

"हितं कशाला? बसस्टँडजवळ आणा," ते म्हणाले. "आमच्या त्रिवेणीच्या गॅरेजवर."