दिवा वर, दिवा खाली

वर.

शिलाईच्या दुकानात कामाला जाण्याआधी सुनेनं स्टुलावर चढून कोंबडीच्या पिल्लांच्या पेटीवरचा उबेचा दिवा आणखी वीतभर उंच बांधला. ऊब हळूहळू कमी करत न्यायची, म्हणजे पिसं लवकर येतात. पाठीवर पिसं भरली की पिल्लं थेट खुराड्यात. इतकं सोपं. गाठ तिनं दातांनी आवळली.

खाली.

संध्याकाळी दिवा पुन्हा पेटीत लोंबत होता. पिल्लं कोपऱ्यांत चोची वासून धापा टाकत होती. पाठी अजून उघड्याच. त्यात उकाड्यानं एकमेकांना टोचायला लागलेली. एका पांढुरक्या पिल्लाची शेपटीकडची कातडी रक्ताळली होती. असंच चाललं तर ते जगणार नव्हतं.

"बाबा, दोरी परत सरकली!"

"मीही तेच म्हणतोय," सासरे म्हणाले. "अगदी कुचकामी दोरी."

वर. नवी दोरी.

खाली.

वर. दोरी गेली खड्ड्यात, तार.

खाली. तारसुद्धा?

तिनं खिळ्याला शिव्या घातल्या, पिल्लं विकणाऱ्याला घातल्या, स्वतःच्या बोटांनाही घातल्या.

मग एके दुपारी पांढुरक्यासाठी मलम घेऊन ती मधल्या सुट्टीत घरी आली. सासरे स्वेटर-मफलर घालून स्टुलावर उभे. हातात पक्कड.

"आलीस? बरं झालं. स्टूल धर. रोज वर सरकतो मेला! मी आहे म्हणून, नाहीतर पिल्लं गारठून गेली असती."

तोंडाशी आलेलं तिनं गिळलं. सगळं नाही गिळता आलं.

"तो सरकत नव्हता, बाबा! मी बांधत होते! रोज!"

"अगं, पण थंडी किती आहे!"

"कुणाला?"

सासऱ्यांनी जरा विचार केला. "मला तर वाजते."

"मग तुम्ही शाल घ्या. त्यांना पिसं येऊ द्या!"

तिनं दिवा बंद केला आणि मलम लावत तिथंच फतकल मारली. थोड्या वेळानं पिल्लं कोपरे सोडून मधे आली, पाय पसरून पडली. पांढुरक्याच्या वाटेला कुणी गेलं नाही.

सासरे हळूच वाकले. "म्हणजे आज खुराड्यात?"

"कुठलं आज! या असल्या पाठींनी रात्र काढतील बाहेर? आता पुन्हा पहिल्यापासून." तिनं हात पुढे केला. "ती पक्कड द्या इकडे."