तालमीचं वय नऊ

चिंचेची तालीम आणि घोडेतळे तालीम यांचा फुटबॉलचा सामना म्हटला, की गोल कमी आणि टाके जास्त पडायचे. गेल्या खेपेला तर शेवटची शिट्टी रेफरीनं चालत्या रिक्षातनं वाजवली. मग दोन्ही तालमींना वर्षभर मैदान बंद.

आता वर्षभर एकमेकांना हरवायचं न्हाय, तर मग जगायचं कशाला? तेवढ्यात आमच्या चिंचेच्या तालमीला आखातात नोकरीला गेलेल्या आमच्याच विश्वजितनं हातात धरून खेळायचं गेमचं मशीन पाठवलं. टीव्हीला जोडलं की त्याचे दोन रिमोट निघतात आणि दोघंजण खेळतात. तालमीचे अध्यक्ष उदयसिंह आबा म्हणाले, "सामना यावरच लावा. डोकी फुटायची न्हाईत."

घोडेतळ्याचे अध्यक्ष, कापडवाले प्रभुलिंग अण्णा, तयार झाले. पण अट घातली.

"गेम कंपनीचाच पायजे, रीतसर विकत घेतलेला. तुमच्या गुंडूच्या फोनवर चोरीचा गेम बघितलाय मी. तुमचा गोलकीपर गोलाएवढा! बॉल जाणार कुठनं? रविवारी पाचला येतो. गेम चोरीचा निघाला, न्हायतर निघालाच न्हाय, तर सामना आमचा."

हे सगळं संयोगिता दारात उभी राहून ऐकत होती. ही आबांची पुतणी. औषधाच्या दुकानात कामाला, आणि एके काळची विद्यापीठाच्या संघाची गोलकीपर. पण तालमीच्या संघात बाई? आबा म्हणायचे, "मैदानात धक्काबुक्की असती पोरी."

आता मैदानच न्हवतं. धक्का मारायचा म्हटलं तर सोफ्यालाच लागणार. संयोगितानं मनात पक्कं केलं, हा सामना आपण खेळायचाच.

मशीनचं उद्घाटन झोकात झालं. हार घातला, हळदकुंकू वाहिलं, आबांनी मशीनच्या डोक्यावर नारळ धरून फोडायला घेतला तेव्हा संयोगितानं मशीन खालनं ओढून काढलं. तरी नारळाचं पाणी उडालंच. आरती झाल्यावर विचार आला, की यात गेम कुठाय?

गेम नव्हताच. विश्वजित फोनवर म्हणाला, "गेमचं कार्ड वेगळं मिळतंय. कडंच्या खाचेत घालायचं."

खाचेत बघितलं तर आत कुंकवाचा गाळ. तालमीच्या जुन्या ज्ञानू वस्तादांनी हळूच काडी घातली. काडी आत मोडली.

"आता डाउनलोडच करायला लागणार," संयोगिता म्हणाली.

"त्याचं माझ्याकडं सोड," गुंडू म्हणाला.

गुंडूचं फ्लेक्स छापायचं दुकान. तो कॉम्प्युटर चालवतो म्हणजे त्याला सगळं येतं, असा तालमीचा समज. आणि गुंडूचाही.

"गुंडूदा, फुकट काय घेऊ नकोस हां," संयोगिता म्हणाली. "अण्णांनी सांगितलंय काय ते."

"आगं त्यांना काय कळतंय? ह्या साइटवर बघ की, 'शंभर टक्के सुरक्षित' असं लाल अक्षरात लिवलंय."

"सुरक्षित असतंय त्याला लाल अक्षरात ओरडायला लागत न्हाय."

गुंडूनं बटण दाबलंच. गेम आला न्हाय, बाकी सगळं आलं. त्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर एकावर एक चौकटी उगवायला लागल्या. गुंडू एक मिटवायचा, तोवर तीन नव्या. त्याच गडबडीत त्यानं त्याच कॉम्प्युटरवरनं आबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स छापायला सोडला, आणि न बघता रातोरात चौकात लावूनही टाकला.

सकाळी चौकात गर्दी. जमिनीपासनं वर वीस फूट नुसता आबांचा चेहरा, डोळ्याला गॉगल, आणि मिशीच्या खाली हिरवं बटण. बटणावर लिहिलेलं, 'अभिनंदन! तुमच्या आतड्यातील व्हायरस काढण्यासाठी येथे दाबा.' येणारा जाणारा प्रत्येकजण टाचा उंचावून आबांची हनुवटी दाबत होता. दुधाच्या गाडीवाल्यानं तर गाडी थांबवून, कॅनवर चढून दाबलं.

"काय हुतंय का?" खालनं कुणीतरी विचारलं.

"काय न्हाय. बंद हाय वाटतं."

आबा आले, त्यांनी बघितलं, आणि तडक तालमीत गेले. मग गुंडूला बोलावलं. त्यानंतर तासभर गुंडू बसताना त्रास होतोय असं म्हणत होता.

"आता मी करू?" संयोगिता म्हणाली.

"कर बाई," आबा म्हणाले.

तिनं मशीन हातात घेतलं. मशीनमध्येच कंपनीचं दुकान असतं, गेम तिथनंच घ्यायचा. दुकानात शिरायला खातं लागतं. स्वतःचं खातं तिनं दोन मिनिटांत काढलं आणि गेम घ्यायला बोट लावणार, तोच आबांनी हात आडवा केला.

"तुझ्या नावावर न्हाय. तालमीचं मशीन, तालमीचाच गेम. खातं तालमीच्या नावानं."

"आबा, खातं माणसाचं असतंय."

"तालीम म्हणजे काय जनावर हाय?"

तिनं नाव घातलं, चिंचेची तालीम. तेवढ्यात औषधाच्या दुकानातनं फोन आला म्हणून ती बाहेर गेली. परत आली तर आबा, ज्ञानू वस्ताद आणि गुंडू मशीनकडं टक लावून बसलेले. तिघांचे चेहरे शाळेत पट्टी खाल्ल्यासारखे.

"काय केलंसा?"

"जन्मतारीख मागत हुतं," वस्ताद म्हणाले. "तालीम कधी बांधली ते खरं कुणालाच ठावं न्हाय. मी म्हटलं संस्थानच्या काळात."

"मग मी जीर्णोद्धाराची घातली," आबा म्हणाले. "पायाभरणीला नारळ मी सोता फोडलाय की. दोन हजार सोळा."

संयोगितानं स्क्रीन बघितला. लिहिलं होतं, 'तू अजून लहान आहेस. आईला किंवा बाबांना बोलाव.'

"आबा, तालीम नऊ वर्षांची झाली."

"मग?"

"आता तारीख बदलत न्हाय. पालकाच्या परवानगीशिवाय काय मिळायचं न्हाय."

रविवार होता. पाचला अण्णा येणार. तातडीनं बैठक बसली. विषय एकच, तालमीचा पालक कोण?

"मी," आबा म्हणाले. "अध्यक्ष हाय."

"तुमी येऊन दोनच टर्म झाल्या," वस्ताद म्हणाले. "मी तालमीची माती ह्या हातानं मळलीया. बाप मी."

"आणि वर्गणी कोण फिरतंय मागत? मी!" गुंडू कण्हत उठला.

आवाज वाढले. कुणीतरी म्हणालं मतदान घ्या. कुणीतरी म्हणालं बाप मतदानानं ठरत न्हाय. दोघांनी एकमेकांची गचांडी धरली. मैदानबंदी नेमकी कशामुळं झाली होती, ते नव्या माणसालाही तेव्हा कळलं असतं.

संयोगितानं टीव्हीचा आवाज पूर्ण मोठा केला. दचकून दोघांनीही गचांडी सोडली.

"पालकाचं सोताचं खातं लागतंय. तुमच्यातल्या कुणाचं हाय?"

कुणाचंच न्हवतं.

"माझं हाय. मी पालक हुते. पण आज मी खेळणार."

आबांनी मिशीला हात लावला आणि, फ्लेक्स आठवला असावा, लगेच काढला. "आगं, लोक काय म्हणतील?"

"लोकांनी सकाळपासनं तुमची हनुवटी दाबलीया आबा. आता काय म्हणायचं राहिलंय?"

"मी दुसरी एक साइट बघू का?" गुंडूनं विचारलं.

"गप!" आबा, वस्ताद आणि संयोगिता एकदम ओरडले. मग आबा म्हणाले, "हो बाई पालक. आणि खेळ."

तिनं परवानगी दिली, पैसे भरले, डाउनलोड सुरू झाला. टीव्हीवर हिरवी पट्टी सरकायला लागली. तालमीत एवढी गर्दी की पाय ठेवायला जागा न्हाय. पट्टी अर्ध्यावर येऊन अडकली. पुढं सरकेचना.

संयोगितानं मागं वळून बघितलं. सगळी तालीम मोबाइल वर धरून उभी होती. प्रत्येकजण तालमीच्याच वायफायवरनं डाउनलोडचं थेट प्रक्षेपण करत होता. वस्तादांना बघणारं माणूस एकच होतं, तेही पलीकडच्या खोलीत बसलेली त्यांची बायको.

संयोगितानं सिमेंटचं घमेलं आणलं. "सगळ्यांनी फोन यात टाका."

"आगं पण..."

"पालक कोण हाय?"

फोन पटापट घमेल्यात पडले. पट्टी हलली. अण्णा दारात आले तेव्हा ती शेवटाला टेकत होती.

"पावती?" अण्णांनी चप्पल काढायच्या आधी विचारलं. तिनं मेल दाखवला. अण्णांनी चष्मा लावून वरपासनं खालपर्यंत वाचला, कंपनीचं नाव दोनदा वाचलं. मग गेममधले तिच्या संघाचे खेळाडू उघडून एकेकाची उंची तपासली.

"गोलकीपर माणसाएवढाच हाय," त्यांनी जाहीर केलं. "गेम खरा. खेळणार कोण?"

"मी."

अण्णांनी तिच्याकडं, मग आबांकडं बघितलं. आबा छताकडं बघत होते. "बसा," अण्णा म्हणाले.

सामना सुरू झाला आणि अण्णांसोबत आलेल्या घोडेतळ्याच्या पोरानं पहिल्याच चढाईत गोल मारला.

"बदला तिला!" मागनं दहा जण ओरडले. "गुंडूला बसवा! सांगत हुतो आमी!" एकानं तिच्या हातातला रिमोट ओढायला हात घातला.

संयोगितानं एक बटण दाबलं. पडदा थांबला. घोडेतळ्यानं तिच्या गोलावर मारलेला दुसरा बॉल हवेतच लटकला.

"बदली करायला पालकाची परवानगी लागती," ती म्हणाली. "मी देत न्हाय. कुणाला काय म्हणायचंय?"

अण्णांनीच आधी मान डोलावली.

"हात काढ रं तो," आबा मागं वळून खेकसले. "आणि आवाज नकोय. खेळ पोरी."

तिनं बटण दाबलं. लटकलेला बॉल खाली आला. तिच्या गोलकीपरनं तो दोन्ही हातांत झेलला, आणि लांब, पार घोडेतळ्याच्या गोलापर्यंत फेकून दिला.