जांभळ्या दिव्याखालचं क्रीम

क्रीम नापास झालं तेव्हा आक्काच्या मनातला चोर ठरलेलाच होता: सून.

चाळीस वर्षं आक्का तोंडाला लावायचं क्रीम करत होती. तेल, मेण, पाणी. चौथी वस्तू नाही. आणि प्रयोगशाळेचा कागद म्हणत होता, यात पांढरेपणा आणणारं रसायन आहे. दुसऱ्या तपासणीतही तेच निघालं, तर दुकानदार माल घेणंच बंद करणार होता.

"मी काही घातलं नाही, आई," सून म्हणाली.

"मग काय भुताने घातलं? तू आल्यापासूनच ते भलतं गोरं दिसायला लागलंय."

सुनेने पिशवी भरायला घेतली. "उद्या माहेरी जाते. चोर म्हणवून घेऊन इथे उभी राहायची नाही मी." लेक दोघींच्या मधे भिंतीसारखा उभा होता, म्हणजे मुका.

आक्का गप्प बसणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी सून अंघोळीला गेली तशी तिचं फडताळ चाचपलं. मागे लपवल्यासारखी एक पांढऱ्या भुकटीची पुडी! पुडी कनवटीला लावून, क्रीमची बरणी घेऊन, आक्का तडक प्रयोगशाळेत.

"आजी, दुसरा नमुना आणलात?" तपासणारी बाई हातमोजे चढवत म्हणाली.

"आजी असेल तुझ्या घरी. मला आक्का म्हणतात. आधी ही पुडी बघ. बिंग फुटू दे."

बाईने भुकटी काळ्या पडद्याच्या खोक्यात ठेवून जांभळा दिवा लावला; ते रसायन असलं की त्यात चमकतं. भुकटी मख्ख. मग तिच्यावर आयोडीनचा थेंब टाकला, तो काळानिळा झाला. "हा नुसता मक्याचा स्टार्च दिसतो, आक्का. घामोळ्यांवर लावतात."

आक्काचा चेहरा एवढासा झाला. पण संशय कसला सुटतो! "आता क्रीम बघ."

क्रीम चमकलं खरं, पण सगळं नाही. आत केसाएवढे निळे तंतू तेवढे चमकत होते. नीट दिसावं म्हणून आक्काने मान खोक्यात घातली आणि तिच्या डोक्यावरचा रुमाल असा लखलखला, की बाईने डोळे किलकिले केले.

"रुमाल कशात धुता?"

"नव्या पावडरीत. बगळ्यासारखा निघतो."

"त्या पावडरीत हेच रसायन असतं. क्रीम कशातून गाळता?"

आक्काने रुमाल डोक्यावरून ओढून काढला. गाळायचं फडकंही ती त्याच बादलीत भिजवायची. आणि गाळण्याला घरात दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नव्हती.

"साध्या साबणाने धुतलेल्या कोऱ्या फडक्यातून गाळून नवा नमुना आणा," बाई म्हणाली. "सोबत लेखी द्या, चूक कशी झाली, कुणाकडून झाली."

"यंत्राकडून, असं लिहिलं तर?"

"यंत्र आहे तुमच्याकडे?"

आक्काने बरणीचं झाकण आवळलं.

घरी आली तेव्हा सून पिशवी घेऊन दारातच होती.

"पिशवी ठेव, पेन घे. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. लिही: फडकं मी धुतलं. गाळलं मी. सुनेचा हात लागला नाही."

सून लिहीत गेली. "पुढे?"

"पुढे... तुझी पुडी मी चोरून नेली होती."

"हे प्रयोगशाळेला कशाला सांगायचं?"

"त्यांना नाही. तुला सांगतेय."

सुनेने पेन बंद केलं, पिशवी मात्र खांद्यालाच. "यापुढे गाळणार मी. कबूल असेल तर राहते."

आक्काच्या नाकपुड्या फुगल्या, मग बसल्या.

"गाळ. पण मी शेजारी उभी राहणार."